लेबलवर एकच नाव

१९४८च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कॅपिटॉल कंपनीने अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची एक तबकडी बाजारात आणली. एका बाजूला ‘लव्हर’, दुसऱ्या बाजूला ‘ब्राझील’. दोन्ही रचना वाद्यसंगीताच्या, आणि दोन्हींत गिटारच गिटार. ‘लव्हर’ ऐकताना वाटते, की एकमेकांच्या सवयी नीट ओळखणारे सात-आठ वादक एकत्र बसले आहेत. कुणी खर्ज धरला आहे, कुणी स्वरसंगती भरतो आहे, कुणी मुख्य चाल वाजवतो आहे, आणि वरच्या वर कुणीतरी मानवी बोटांना झेपू नये अशा वेगाने नक्षी काढतो आहे. प्रत्यक्षात या आठही गिटारी एकाच माणसाने वाजवल्या होत्या. ध्वनिमुद्रण झाले होते हॉलिवुडमधल्या त्याच्या घराच्या गॅरेजमध्ये. लेबलवर नाव होते लेस पॉल.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात या तबकडीची जागा पक्की आहे. आज खोलीत संगणकापुढे बसून एकटाच सगळी वाद्ये वाजवणारा जो कुणी आहे, त्याच्या वंशावळीत लेस पॉलचे नाव वरच्या पायरीवर येते. ‘नवा आवाज’ हे बिरुदही त्याच्या संगीताला तेव्हाच चिकटले. मात्र या तबकडीविषयी जे लिहिले जाते त्यातले बहुतेक यंत्राविषयी असते. थरावर थर कसे चढवले, वेग कसा बदलला, गॅरेजमध्ये काय काय होते. प्रस्तुत लेखाचा प्रश्न वेगळा आहे. त्या आठ गिटारींतून जे वाजते, ते त्या माणसाच्या बोटांत आले कुठून? हा प्रश्न विचारला की गॅरेजमधला एकटा माणूस एकटा उरत नाही. त्याच्यामागे गर्दी उभी राहते, आणि त्या गर्दीतल्या बऱ्याच जणांची नावे कुठल्याच लेबलवर धडपणे आलेली नाहीत.

गॅरेजमधला कारखाना

आधी यंत्राची बाजू समजून घेऊ, कारण संगीतावर तिचाही परिणाम झालेला आहे. १९४६-४७च्या सुमारास चुंबकीय फीत अजून सर्वसामान्य वादकाच्या हाती आली नव्हती. ध्वनिमुद्रण थेट तबकडीवर होई. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ लेप दिलेला असे आणि कोरणारी सुई त्यात आवाजाची चर खोदत जाई. लेस पॉलने हे कोरण्याचे यंत्र स्वतः तयार केले होते. त्यात कॅडिलॅक मोटारीचे गतिचक्र बसवले होते आणि ते फिरवायला दंतवैद्याच्या यंत्रावरचा पट्टा वापरला होता. चक्र जड असल्याने तबकडी एकसारख्या गतीने फिरे. सूर हलत नसे.

पद्धत सांगायला सोपी होती. पहिली गिटार एका तबकडीवर कोरायची. मग ती तबकडी वाजवत ठेवून तिच्यासोबत दुसरी गिटार वाजवायची आणि दोन्ही आवाज मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरायचे. मग दुसरीवरून तिसरी, तिसरीवरून चौथी. अडचण अशी की प्रत्येक फेरीत जुना आवाज थोडा मळत जातो आणि खरखर वाढते. म्हणून ज्या गिटारी मागे राहिल्या तरी चालतील त्या आधी वाजवायच्या आणि मुख्य चाल शेवटी. म्हणजे इमारत उभी राहण्याआधीच तिचा अखेरचा मजला डोक्यात स्पष्ट असायला हवा. सहाव्या थराला बोट चुकले तर पुसायची सोय नाही. नवी तबकडी घ्यायची आणि पुन्हा वाजवायचे. ‘लव्हर’ पुरे होईतो सुमारे पाचशे तबकड्या खर्ची पडल्या, असे तो सांगत असे.

दुसरी युक्ती वेगाची. तबकडी निम्म्या वेगाने फिरत असताना गिटार वाजवायची आणि मग ती पूर्ण वेगाने लावायची. लय दुप्पट होते आणि सूर बरोबर एक सप्तक वर जातो. आवाजाचा पोतही बदलतो. गिटार मधूनच घंटीसारखी, मधूनच खेळण्यातल्या वाद्यासारखी लागते. ‘लव्हर’मधली ती अशक्य वाटणारी वरची नक्षी याच युक्तीतून आलेली आहे. पण युक्ती वेग देते, वाक्य देत नाही. निम्म्या वेगाने वाजवायचे तरी काय, हे यंत्राने सांगितले नव्हते.

वॉकेशाचा मुलगा

लेस्टर विल्यम पोल्सफस याचा जन्म ९ जून १९१५ रोजी विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा या गावी झाला. घर जर्मन वंशाचे. घरात आपोआप वाजणारा पियानो होता. छिद्रे पाडलेली कागदी गुंडाळी त्यात बसवली की पट्ट्या खालीवर होऊ लागत. हा मुलगा पट्ट्यांकडे बघत बसे आणि मग आईच्या गुंडाळ्यांवर स्वतःची जादा छिद्रे पाडी. सूर बेसूर लागला की त्यावर चिकटपट्टी लावून छिद्र बुजवायचे आणि दुसरीकडे पाडायचे. आधीच ‘वाजून ठेवलेल्या’ संगीतावर आपला थर चढवण्याचा हा खेळ पुढच्या गॅरेजमधल्या खटाटोपाचे बीज म्हणून पाहायला हरकत नाही. या गोष्टी बहुतांशी त्याच्याच तोंडून आलेल्या आहेत आणि तो पट्टीचा गोष्टीवेल्हाळ होता, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे.

त्याचे पहिले वाद्य तोंडाने वाजवायचा हार्मोनिका. रस्त्यावर खोदकाम करणाऱ्या एका मजुराला तो वाजवताना ऐकून मुलगा त्या वाद्याच्या नादी लागला. पुढे बँजो आणि गिटार आली. हात मोकळे राहावेत म्हणून त्याने हार्मोनिका गळ्यात अडकवायची तारेची चौकट केली. रात्री रेडिओ असे. शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्रावरून १९२४पासून ‘नॅशनल बार्न डान्स’ हा ग्रामीण संगीताचा कार्यक्रम लागे. डोंगरी मुलखातली फिडलची गाणी, बँजोची उडती लय आणि चुटके यांवर त्याचा कान तयार झाला.

या संगीतातला त्याचा प्रत्यक्ष गुरू होता सनी जो वूल्व्हर्टन. वयाने थोडा मोठा, गिटार आणि बँजोवर पक्का. शाळा सोडून सतराव्या वर्षी लेस्टर त्याच्याबरोबर सेंट लुइसच्या रेडिओवर गेला. केस तांबडे, म्हणून ‘ऱ्हुबार्ब रेड’ हे नाव पडले. श्रोता अर्ध्या मिनिटात जिंकायचा, चाल ओळखीची ठेवायची आणि मग तिच्याशी थट्टामस्करी करायची, हे धडे त्याने इथे घेतले. ‘लव्हर’मध्ये जो मिस्कीलपणा आहे, गंभीर चालीच्या मध्येच गिटारीने जीभ काढून दाखवावी तसा, तो जॅझच्या मैफलीतून आलेला नाही. तो या ग्रामीण रेडिओवरून आलेला आहे.

दिवसाचे नाव, रात्रीचे नाव

१९३०च्या दशकाच्या मध्यावर तो शिकागोत होता आणि तिथे त्याने दोन नावांनी दोन आयुष्ये चालवली. दिवसा रेडिओवर ऱ्हुबार्ब रेड होऊन ग्रामीण गाणी म्हणायची. रात्री लेस पॉल होऊन जॅझ वादकांत जाऊन बसायचे. १९३६मध्ये त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या त्याही दोन दिशांना तोंड करून. काही ऱ्हुबार्ब रेडच्या ग्रामीण गाण्यांच्या, आणि काहींत जॉर्जिया व्हाइट या कृष्णवर्णीय ब्लूज गायिकेला त्याची साथ. एकाच हाताला ही दोन वळणे एकाच वर्षी लागत होती.

दोन नावांची ही रीत त्याने शोधलेली नव्हती. त्याच्या आधीचा मोठा गिटारवादक एडी लँग. मूळ नाव साल्वातोरे मासारो, फिलाडेल्फियातल्या इटालियन घरातला. गिटार हे केवळ ताल धरायचे वाद्य नसून एकेक सूर उचलून बोलणारे वाद्य आहे, हे अमेरिकन जॅझमध्ये ज्यांनी पटवले त्यांत तो अग्रणी. १९२८-२९मध्ये त्याने लॉनी जॉन्सन या थोर कृष्णवर्णीय ब्लूज वादकाबरोबर दोन गिटारींच्या तबकड्या केल्या. गोरा आणि काळा वादक एकत्र वाजवतात हे लेबलवर दिसू नये म्हणून लँगचे नाव तिथे ‘ब्लाइंड विली डन’ असे छापले गेले. त्या तबकड्यांत एक गिटार पाया धरते आणि दुसरी तिच्यावर बोलते. केवळ गिटारींनी भरलेले संगीत पूर्ण वाटू शकते, याचा हा वस्तुपाठ होता. लेस पॉल लँगच्या वादनावर वाढला. तिथे त्याला दोन गिटारी ऐकू आल्या. पुढे त्याने दोहोंच्या आठ केल्या आणि दुसऱ्या माणसाची गरज काढून टाकली.

पियानोचाही एक हिशेब इथे मांडावा लागतो. लेस पॉल आधी पियानोही वाजवत असे. आर्ट टेटमला ऐकले आणि पियानोचा नाद सोडून गिटारवरच लक्ष ठेवायचे ठरवले, असे तो सांगे. टेटम जवळजवळ अंध होता आणि त्याच्या उजव्या हातातून सुरांचे झरे पडत. पियानो सुटला तरी ते झरे सुटले नसावेत. ‘लव्हर’च्या वरच्या गिटारी बऱ्याचदा पियानोच्या उजव्या हातासारखे वागतात.

दोन बोटांचा जिप्सी

मात्र ‘लव्हर’वर सर्वांत गडद सावली आहे ती जँगो राइनहार्टची. १९१०मध्ये बेल्जियममध्ये जन्मलेला, फ्रान्समधल्या भटक्या समाजात वाढलेला हा वादक. १९२८मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची करंगळी व अनामिका कायमची आखडली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने गिटारवादनाची नवी रीत उभी केली. बोटे कमी, म्हणून हात आडवा पसरण्याऐवजी तारेवरून वर-खाली धावे. त्यातूनच त्या लांब, अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढत-उतरत जाणाऱ्या ताना आल्या. १९३४मध्ये पॅरिसला स्टेफान ग्रापेलीसह त्याने जो पंचक-ताफा काढला त्यात ढोल नव्हता, फुंकून वाजवायचे एकही वाद्य नव्हते. एक व्हायोलिन, एक बास आणि तीन गिटारी. ताल, भरणा, चाल, सगळे तारांवर.

या तबकड्या शिकागोत लेस पॉलच्या हाती लागल्या. मग तबकडी पुन्हा पुन्हा लावायची, सुई उचलून मागे न्यायची, जागा बोटात बसेपर्यंत सोडायची नाही. आपल्याकडे या विद्येला एकलव्याचा दाखला आहेच. इथे मातीच्या पुतळ्याची जागा लाखेच्या तबकडीने घेतली. शिवपुत्र कोमकली नावाचा मुलगा त्याच दशकात बड्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन श्रोत्यांना थक्क करत होता. त्याला कुमार गंधर्व हे नाव मिळाले ते त्यामुळेच. ग्रामोफोनने जगभर एकाच वेळी असे शिष्य तयार केले, ज्यांचा गुरू समुद्रापार होता किंवा त्यांना ओळखतही नव्हता. फायदा असा, की गुरू थकत नाही आणि नाकारत नाही. तोटा असा, की गुरुदक्षिणा पोचत नाही.

‘लव्हर’मधल्या चढत्या-उतरत्या ताना, एकाच सुरावरचा झपाट्याचा कंप आणि भावुक चालीत मध्येच येणारी भटक्या बिऱ्हाडाची बेफिकिरी जँगोच्या घरातून आलेली आहे. तीन गिटारींचा भरणाही तिथलाच. जँगो दोन बोटांनी जे प्रत्यक्ष वाजवत होता, त्याच्या पुढचा वेग लेस पॉलला तबकडी निम्म्यावर आणून मिळाला. हा उणेपणा म्हणून सांगत नाही. एकाने शरीराची मर्यादा शैलीत वळवली, दुसऱ्याने यंत्राने शरीराची मर्यादा ओलांडली. यांतले दुसरे पहिल्याशिवाय सुचले नसते.

समुद्रातून आलेला लांब सूर

गिटारीचा सूर उपजत आखूड असतो; तार छेडली की आवाज पोकळ लाकडात घुमतो आणि लगेच विरतो. तो लांबवायची ओढ अमेरिकन गिटारला लागली ती हवाई बेटांमुळे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूची कांडी सरकवायची रीत निघाली. तिचे श्रेय सहसा ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकूला दिले जाते. त्याच्याही आधी गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, हिंदुस्थानात जन्मलेल्या आणि जहाजावरून होनोलुलूला येऊन पडलेल्या तरुणाने ही करामत तिथे दाखवली होती, असाही एक जुना दावा आहे. दावा खरा मानला तर विचित्र वीणेचा किंवा गोट्टुवाद्याचा कान समुद्रापार गेला असे म्हणण्याचा मोह होतो. पण एका नावाच्या आधारावर एवढा पूल बांधू नये.

१९१५मध्ये, म्हणजे लेस पॉल जन्मला त्याच वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात हवाईयन वादक वाजले आणि त्या संगीताची लाट अमेरिकाभर पसरली. विजेवर चालणारी पहिली गिटार १९३२मध्ये विक्रीला आली ती रिकनबॅकर कंपनीची, आणि तीही हवाईयन पद्धतीने मांडीवर वाजवायची. आकारावरून तिला तळणीचे तवे म्हणत. तिचे अंग भरीव धातूचे होते. पोकळी नाही म्हणून अनावश्यक घुमणे नाही, आणि सूर टिकतो. पोरवयात लेस पॉलने रुळाच्या तुकड्यावर तार ताणून टेलिफोनच्या भागाने तिचा आवाज मोठा करून पाहिला होता. आणि १९४१च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एपिफोनच्या कारखान्यात त्याने चौकोनी लाकडी ओंडक्यावर तारा चढवल्या, दिसायला गिटार वाटावी म्हणून दोन्ही बाजूंना पोकळ गिटारीचे अर्धे भाग चिकटवले. या ‘ओंडक्या’ची कीर्ती भरीव गिटारचा पूर्वज म्हणून झाली. त्या ओंडक्याआधी हवाईचा लांब, सरकता सूर अमेरिकन कानात मुरलेला होता, हे त्या कीर्तीत सहसा नोंदले जात नाही.

पुढे हीच कांडी आपल्याकडे कलकत्त्याला आणि मुंबईला पोचली. हवाईयन गिटार आपल्या चित्रपटगीतांत शिरली आणि ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग मांडले. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत तीच वाजते. एकाच वाटेला किती फाटे फुटतात ते यावरून दिसते.

मूळ चाल कुणाची?

आणि ‘लव्हर’ ही चाल? ती लेस पॉलची नाहीच. रिचर्ड रॉजर्सने ती १९३२च्या ‘लव्ह मी टुनाइट’ या बोलपटासाठी बांधली, शब्द लॉरेन्झ हार्टचे. जेनेट मॅकडॉनल्डने ती पडद्यावर गायली. तीन मात्रांच्या वॉल्ट्झची, व्हिएन्नाच्या नाचघराची आठवण देणारी चाल. तिचे वैशिष्ट्य म्हणजे खालची स्वरसंगती अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरत जाते, जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तशी. जँगोच्या हाताला पायऱ्यांची हीच चढउतार प्रिय होती. लेस पॉलने असंख्य लोकप्रिय गाण्यांतून हेच का निवडले, याचे उत्तर बहुधा इथे आहे. रॉजर्सच्या चालीत त्याला जँगोसाठी तयार केलेली वाट सापडली. सुरुवातीचा डौल त्याने राखला, आणि मग लगाम सैल सोडला.

त्याच्या संयमाचाही एक गुरू आहे, बिंग क्रॉस्बी. एडी लँग १९३३मध्ये अकाली वारला तोवर क्रॉस्बीचा साथीदार होता. १९४५मध्ये क्रॉस्बीच्या ‘इट्स बीन अ लाँग, लाँग टाइम’मध्ये लेस पॉलच्या त्रयीने साथ केली आणि ते गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. लँगच्या जागेवर लँगचा न पाहिलेला शिष्य बसला होता. तिथली त्याची गिटार मोजकी आहे, गायकाला श्वास घ्यायला जागा देणारी. आदल्या वर्षी, २ जुलै १९४४ रोजी लॉस एंजलिसच्या ‘जॅझ ॲट द फिलहार्मोनिक’च्या पहिल्या मैफलीत नॅट किंग कोलच्या पियानोशी त्याचा रंगलेला सवाल-जवाब मात्र अगदी उलट्या स्वभावाचा होता, कोल एक वाक्य टाकी, गिटार ते तिथल्या तिथे परतवी. गॅरेजमध्ये हे दोन्ही स्वभाव त्याला एकत्र नांदवायचे होते. समोर कोल नसताना सवाल-जवाब स्वतःशीच करायचा होता आणि मागच्या थरांना मोजके वाजवायला लावायचे होते.

थराचेही पूर्वज

एकावर एक आवाज चढवण्याची कल्पना तरी त्याची होती का? तीही आधीची. १९३२मध्ये व्हिक्टर कंपनीने एन्रिको कारुसो या दिवंगत गायकाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर नव्या वाद्यवृंदाची साथ चढवून तबकड्या काढल्या होत्या. आणि एप्रिल १९४१मध्ये न्यू ऑर्लिअन्सच्या सिडनी बेशे या कृष्णवर्णीय वादकाने ‘शेख ऑफ अरबी’ या गाण्यात क्लॅरिनेट, दोन प्रकारचे सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ढोल अशी सहा वाद्ये एकट्याने वाजवली, तबकडीवरून तबकडीवर, तंतोतंत याच पद्धतीने. बेशेला हे करायला कंपनीचा स्टुडिओ आणि कंपनीची मर्जी लागली. त्याचा प्रयोग नवलाई म्हणून राहिला.

लेस पॉलचे खरे पाऊल इथे दिसते. त्याने थर शोधला नाही. त्याने थराला वेळ मिळवून दिला. स्टुडिओतले घड्याळ तासावर चालते. गॅरेजमध्ये पाचशे तबकड्या वाया घालवण्याची मुभा होती. एखादा ख्यालिया वर्षानुवर्षे बंद खोलीत एकच राग घोटतो, तसा ध्वनिमुद्रणाचा रियाज करता येतो, हे त्याने दाखवले. थर हा चमत्कार न राहता वाद्य झाला.

संपाचे वर्ष

या कथेला एक अवघड बाजू आहे. १ जानेवारी १९४८पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला होता. जेम्स पेट्रिलो हा तिचा अध्यक्ष. तबकड्या आणि रेडिओमुळे प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांची रोजीरोटी जाते, ही तक्रार. १९४२मध्येही याच कारणाने बहिष्कार झाला होता. १९४८चा बहिष्कार डिसेंबरपर्यंत चालला. ‘लव्हर’ त्याच्या आधीच मुद्रित झालेले होते, त्यामुळे लेस पॉलने बहिष्कार मोडला असे म्हणता येत नाही. पण त्याच वर्षी दुकानात आलेली ही तबकडी वादकांच्या भीतीचे मूर्त रूप होती. आठ जणांचे काम एक माणूस करू शकतो, तेही घरी बसून.

ही भीती आपल्यालाही परकी नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी दशकानुदशके जो वाद्यवृंद उभा केला, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट या नावाने ओळखला जाणारा आंतोनियो झेवियर वाझ अशांनी, त्यांची नावे श्रेयनामावलीत बऱ्याचदा ‘सहायक’ म्हणून आली किंवा आलीच नाहीत. पुढे बहुपदरी मुद्रण आणि कीबोर्ड आले आणि शंभर माणसांचे दालन हळूहळू रिकामे झाले. वादक आधी अनाम होतात, मग अनावश्यक होतात. पहिले घडलेले असते म्हणून दुसरे सोपे जाते.

आईला ओळखू येणे

या सगळ्यानंतर लेस पॉलचे स्वतःचे काय उरते? त्यानेच सांगितलेली एक हकिकत इथे उपयोगी पडते. १९४६च्या सुमारास तो शिकागोत कार्यक्रम करत असताना आई म्हणाली, की काल रेडिओवर तुझी गिटार ऐकली. ती त्याची नव्हती. दुसराच कुणी वाजवत होता. आईलाही फरक कळू नये हे त्याला लागले. सगळ्यांसारखे वाजवणे सोडून, पहिल्या सुराला आपण ओळखू यावे असे काही शोधायचे ठरवून तो गॅरेजमध्ये शिरला. हकिकत थोडी घोटीव असेल, पण तिच्यातला पेच खरा आहे. तबकड्यांवरून शिकलेल्या साऱ्या पिढीचा तो पेच होता. सगळ्यांनी तेच जँगो, तेच लँग ऐकलेले होते.

त्याने काय केले? गुरू टाकून दिले नाहीत. सगळ्यांना एकाच वेळी बोलू दिले. एका थरात सनी जोचा उडता ठेका, एकात लँगचा भरणा, एकात जँगोची धाव, एकात टेटमचा झरा, वर क्रॉस्बीकडून शिकलेली गाती चाल. एका गिटारीवर एका वेळी यांतला एकच जण होता येत होते. आठ गिटारींवर निवड करावी लागली नाही. घराण्याच्या भाषेत सांगायचे तर सगळ्या घराण्यांची जागा एका बैठकीत मांडून त्यांच्या मेळातून त्याने आपली गायकी काढली. ती मेळवणी, कुणाला मागे आणि कुणाला पुढे ठेवायचे हा निवाडा, हे त्याचे स्वतःचे.

तबकडी बाजारात आली तेव्हा तो ती साजरी करण्याच्या स्थितीत नव्हता. जानेवारी १९४८मध्ये ओक्लाहोमातल्या बर्फाळ रस्त्यावर त्याच्या मोटारीला अपघात झाला आणि उजव्या कोपराचा चुरा झाला. हात पुन्हा वाकणार नव्हता, म्हणून तो गिटार धरता येईल अशा कोनात कायमचा बसवून घेतला गेला. गाडी चालवत असलेली कॉलीन समर्स पुढे मेरी फोर्ड या नावाने त्याची सहगायिका आणि पत्नी झाली. क्रॉस्बीने दिलेल्या अँपेक्स कंपनीच्या फीतयंत्राला आणखी एक मुद्रणशीर्ष जोडून त्याने तबकड्यांची कटकट संपवली. १९५१मध्ये दोघांचे ‘हाऊ हाय द मून’ नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. तेही घरीच मुद्रित झालेले. १९५२मध्ये गिब्सनने त्याच्या नावाची भरीव गिटार काढली आणि ते नाव रॉक संगीताच्या व्यासपीठांवर आजवर झळकते आहे. तो २००९च्या ऑगस्टमध्ये चौऱ्याण्णव्या वर्षी वारला.

घरी, एकट्याने संगीत करणाऱ्यांची संख्या आता मोजदादीच्या पलीकडे गेली आहे, आणि ‘सगळे मीच केले’ असे लिहिणे कधी नव्हे इतके सोपे झाले आहे. ‘लव्हर’च्या निर्मितीचा इतिहास त्या वाक्याला थोडे थांबवतो. वाजवणारा एक होता, यात खोटे काही नाही. पण साल्वातोरे मासारो ‘ब्लाइंड विली डन’ झाला आणि लॉनी जॉन्सनशेजारी बसलेला दिसेनासा झाला. हवाईच्या वादकांचा सूर यंत्राच्या इतिहासात विरघळला. बेशेचा प्रयोग गंमत ठरला. लेबलवरचे एक नाव पुसायचे कारण नाही. त्याच्या शेजारी ही बाकीची नावे लिहून ठेवणे एवढे काम इतिहासाकडे उरते, आणि ते लिहिले की ‘लव्हर’ पूर्वीपेक्षा अधिक चांगले ऐकू येते.